आधी गुण नीट लिहा

‘कार्टून तं हाये, सोड ना!’ हे वाक्य आमच्या बुलढाण्यात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी डोकं फिरतं. आईबाप म्हणतात, शिक्षक म्हणतात, पोराने जेवावं म्हणून हातात मोबाइल देऊन जपानी मालिका लावणारे काका-मामा म्हणतात. मालिकेतला खेळाडू एका दृश्यात डाव्या हाताने मारतो, पुढच्यात उजव्या हाताने. फलकावर दोन गोल असतात आणि निवेदक तीन सांगतो. पाठीवरचा नंबर अर्ध्या मिनिटात बदलतो. पोरगं बोट दाखवतं आणि मोठी माणसं त्याला गप्प करतात. ज्याने नीट पाहिलं त्यालाच आपण वेड्यात काढतो. ज्यांनी काम नीट केलं नाही, त्यांना मात्र आपल्या घरातून आयती माफी मिळते. मला याची चीड आहे.

खेळाची गोष्ट आकड्यावर उभी असते. प्रेमकथेत नायिकेच्या कानातले डूल दोन दृश्यांत वेगळे दिसले तर फारसं बिघडत नाही. तिचं रडणं खरं असलं की झालं. पण शेवटच्या षटकात चार चेंडू पडून गेल्यावर नायकाला अजून तीन मिळाले, तर त्याने मारलेल्या षटकाराची किंमत काय? तो स्वतः जिंकला की लेखकाने त्याला जिंकवलं? खेळाची सगळी धाकधूक एवढ्यावरच असते की चेंडू मोजलेले आहेत, वेळ मोजलेली आहे, रेषा आखलेली आहे आणि ती कुणासाठी हलणार नाही. रेषा हलली की बघणाऱ्याने धरून ठेवलेला श्वास फुकट गेला. म्हणून खेळाच्या मालिकेत गुणफलकाची चूक ही शुद्धलेखनाची चूक धरता येत नाही. ती प्रेक्षकाची फसवणूक आहे.

इथे जपानी मालिकांचे भक्त लगेच अंगावर येतात. ‘अहो, त्यात अतिशयोक्ती असणारच!’ असू दे की. अतिशयोक्तीला माझी काडीची हरकत नाही. ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलच्या मालिकेतले जुळे भाऊ एकमेकांच्या पायांच्या जोरावर आकाशात झेप घेतात तेव्हा मीही डोळे विस्फारून पाहतो. मालिकेने मला आधीच सांगून ठेवलेलं असतं की या जगात माणसं अशी उडतात. तो करार मला मान्य असतो. चूक म्हणजे स्वतःच केलेला करार स्वतःच मोडणं. हा फरक ज्याला कळत नाही त्याने अतिशयोक्तीचं नाव पुढे करून पाट्या टाकणाऱ्यांची वकिली करू नये.

त्सुबासाच्या मैदानाचंच घ्या. योइची ताकाहाशी यांनी १९८१ साली साप्ताहिक ‘शोनेन जंप’मध्ये ही चित्रकथा सुरू केली आणि १९८३ पासून ती टीव्हीवर १२८ भाग चालली. त्यात चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला समोरचा गोल दिसतच नाही. आधी नुसतं क्षितिज दिसतं आणि मग त्यातून गोलची आडवी दांडी हळूहळू वर येते. हिशेब करून पाहू. धावणाऱ्या मुलाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरले आणि गोलची उंची नियमाप्रमाणे २.४४ मीटर धरली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे अख्खा गोल क्षितिजाखाली दडायला मध्ये जवळपास १० किलोमीटर अंतर लागतं. नियमातलं मैदान जास्तीत जास्त १२० मीटर लांब असतं. आमच्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तशी पाच विवरं ओळीने मांडली तरी पलीकडचा गोल त्सुबासापासून पुरता दडायचा नाही.

ही ताणाताणी नाट्यासाठी आहे, हे मला कळतं. धावणाऱ्या मुलाच्या छातीतली धडधड दाखवायला चित्रकाराने मैदान लांबवलं, चांगलं केलं. पण मैदान लांबवलंत तर घड्याळही लांबवा. एक मिनिट उरलं असं निवेदक ओरडतो, त्यानंतर तीन खेळाडू आपापल्या आठवणी सांगतात, दोघे एकमेकांना शपथा देतात, चेंडू या टोकाहून त्या टोकाला जातो आणि ते मिनिट काही संपत नाही. मग ते मिनिट कुणाचं होतं? माणसाची धाव, चेंडूचा वेग, पंचाचं घड्याळ, सगळं सोयीप्रमाणे वाकवायचं असेल तर सामना कशाला दाखवता? नुसती भाषणं दाखवा.

आणि या मालिकांचा परिणाम काय होतो ते ठाऊक नसणाऱ्यांनी फर्नांडो टोरेसचं म्हणणं ऐकावं. २०१० साली विश्वविजेत्या ठरलेल्या स्पेनच्या संघात तो होता, आणि लहानपणी त्सुबासा पाहूनच आपण फुटबॉलकडे वळलो असं त्याने जाहीर सांगितलं आहे. जी गोष्ट एका पोराला विश्वचषकाच्या वाटेवर नेऊ शकते, तिला ‘नुसतं कार्टून’ म्हणणाऱ्याला ना कार्टून कळतं, ना पोरगं.

चूक झाल्यावर काय करायचं असतं, तेही जपानच्याच एका माणसाने दाखवून ठेवलं आहे. १९६८ साली ‘शोनेन मॅगझिन’मध्ये ‘आशिता नो जो’ ही मुष्टियुद्धाची चित्रकथा सुरू झाली. लेखक इक्की काजिवारा, इथे आसाओ ताकामोरी या नावाने लिहिणारे, आणि चित्रकार तेत्सुया चिबा. नायक जो हा अंगाने लहान. सुधारगृहात त्याची गाठ रिकिइशी नावाच्या मुष्टियोद्ध्याशी पडते. हा पुढे जोचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी होणार आहे याची कल्पना नसल्याने चिबांनी त्याला चांगला उंचापुरा, रुंद खांद्यांचा काढला. झाली पंचाईत. मुष्टियुद्धात वजनगट असतात. जो बँटमवेटचा आणि रिकिइशी त्याच्याहून कितीतरी वरच्या गटाचा दिसतो. दोघं एका रिंगणात उतरणार कसे?

दुसरा कुणी असता तर पुढच्या अंकापासून रिकिइशीला गुपचूप बारीक काढून मोकळा झाला असता. वाचकही म्हणाले असते, चित्रकथाच तर आहे. काजिवारांनी तसं केलं नाही. खेळाचा नियम त्यांनी कथेपेक्षा वर ठेवला. रिकिइशी जोशी लढण्यासाठी जिवावर उदार होऊन वजन उतरवतो, खाणंपिणं तोडतो, पाण्याच्या थेंबासाठी तडफडतो. त्या गटात उतरतो, सामना जिंकतो, रिंगणातच कोसळतो आणि मरतो. चित्रातली चूक झाकण्याऐवजी तिच्यातूनच त्यांनी त्या कथेतला सगळ्यात जीवघेणा प्रसंग उभा केला. २४ मार्च १९७० रोजी टोकियोत कोदान्शा प्रकाशनाच्या इमारतीत या कागदावरच्या माणसाचा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शुजी तेरायामा यांनी पुढाकार घेतला होता आणि सुमारे ७०० माणसं आली होती. कागदावर काढलेल्या माणसासाठी लोक का रडले? त्या माणसाचं वजन त्यांना खरं वाटलं होतं. एक-एक किलो मोजून उतरलेलं त्यांनी पाहिलं होतं.

आता याच काजिवारांची दुसरी कथा आपल्या महाराष्ट्रात आली तेव्हा काय झालं ते बघू. नोबोरू कावासाकी यांच्या चित्रांसह १९६६ ते १९७१ या काळात त्यांनी ‘क्योजिन नो होशी’ लिहिली. ती बेसबॉलची कथा. गरीब बाप आपल्या पोराला, ह्युमाला, मोठा पिचर करायचं म्हणून लहानपणापासून रगडतो. त्याच्या अंगावर स्प्रिंगा लावलेलं एक जाकीट चढवतो, हात हलवायचा म्हटलं तरी त्या स्प्रिंगांशी झुंजावं लागेल असं. २०१२ साली जपानी निर्माते आणि हैदराबादची डीक्यू एंटरटेनमेंट यांनी मिळून ही कथा क्रिकेटच्या वेषात भारतात आणली. ‘सूरज : द रायझिंग स्टार’. नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला. २३ डिसेंबर २०१२ पासून ‘कलर्स’ वाहिनीवर दर रविवारी सकाळी दहाला ती हिंदीत लागायची. सुझुकी, ऑल निप्पॉन एअरवेज अशा जपानी कंपन्यांची जाहिरात कथेतच पेरलेली होती.

आपल्या मातीतली, मुंबईच्या गल्लीतली खेळाची ॲनिमे मालिका. मला केवढी आशा होती त्या मालिकेची! निर्मात्यांनी भारतीय प्रेक्षकांचा विचार केला नाही असंही म्हणता येत नाही. मूळ कथेत चिडलेला बाप जेवणाचं मेज उलथवून टाकतो. आपल्याकडे अन्नाचा असा अपमान चालणार नाही म्हणून इथे मेजावर फक्त पाण्याचे पेले ठेवले. स्प्रिंगांचं जाकीट लहान मुलाचा छळ वाटेल म्हणून इथे सायकलच्या ट्यूब आल्या. हे सगळं तेव्हा छापूनही आलं होतं. अन्नाचा विचार झाला, छळाचा विचार झाला. मग कोपराचा विचार कुणी करायचा होता?

बेसबॉलचा पिचर कोपर वाकवून चेंडू फेकतो. वाकलेलं कोपर झटक्यात सरळ होणं हा त्याच्या फेकीचा भागच आहे. क्रिकेटच्या गोलंदाजाला नेमकं तेच करायला बंदी आहे. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांहून जास्त सरळ झालं की ती फेक होते, गोलंदाजी नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २००५ पासून ही मर्यादा आहे. मुरलीधरनसारख्या गोलंदाजाला प्रयोगशाळेत अंगाला खुणा चिकटवून कॅमेऱ्यांसमोर चेंडू टाकावे लागले, ते या काही अंशांसाठी. क्रिकेटचं सगळं गोलंदाजीशास्त्र त्या कोपरावर उभं आहे. आणि आपण काय आयात केलं? हाताच्या प्रत्येक आखडण्या-ताणण्याला ओढ लावून पिचरचं बळ वाढवणारं जाकीट. स्प्रिंगांच्या जागी ट्यूब लावली म्हणून पिचरचा खांदा गोलंदाजाचा होत नाही. गोलंदाजाची ताकद त्याच्या धावेत, पुढच्या पायाच्या रोवण्यात, कमरेच्या पिळात असते. त्याचा चेंडू आधी जमिनीवर पडतो, मग फलंदाजाकडे जातो. टप्पा कुठे, शिवण कशी, खेळपट्टी कसली, हे सगळं बेसबॉलमध्ये नाहीच. बेसबॉलची कथा उचलून क्रिकेटवर ठेवायची तर ती मुळापासून खणावी लागते. वरून हिंदी नावं चिकटवून चालत नाही.

रविवारी सकाळी दहाला टीव्हीसमोर बसलेल्या किती पोरांना हे सांगणारं कुणी होतं? मोठ्या शहरात एखादी अकादमी असते, कोच असतो, तो कोपर धरून सांगतो. आमच्याकडे मोताळ्याला, संग्रामपूरला, मेहकरच्या एखाद्या खेड्यात पोरगं टेनिस बॉलवर क्रिकेट शिकतं. त्याचा पहिला गुरू पडदाच. तो पडद्यावर पाहतो आणि सोमवारी शाळेच्या मागच्या पडीक जागेत तेच करतो. पंचही त्याच्याच वर्गातला असतो, तो काही बोलत नाही. वर्षानुवर्षं हात वाकवून फेकलेला चेंडू भन्नाट जातो, गावात नाव होतं, मग पोरगं निवड चाचणीला जातं आणि दुसऱ्याच चेंडूला पंच हात आडवा करतो. त्या पोराचा चेहरा मी पाहिला आहे. त्याला कळतच नाही की आपलं चुकलं काय. इतकी वर्षं त्याला कुणीच काही म्हटलं नव्हतं. अशा पोराला सांगा, कार्टून तं हाये.

चुका का होतात हे मला ठाऊक आहे, म्हणून चित्रकाराला मी बोल लावत नाही. टीव्हीची मालिका दर आठवड्याला पोचवायची असते. सेकंदाला २४ चौकटी लागतात, आणि पैसा वाचवायला एकच चित्र तीन-तीन चौकटी चालवलं तरी सेकंदाला आठ चित्रं काढावी लागतात. एक भाग एक चमू करतो, पुढचा भाग दुसरा. जुनी दृश्यं साठवून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा वापरायची ही पद्धत १९६३ मध्ये ओसामु तेझुकांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’पासून जपानी टीव्हीत रुळली. मग उन्हाळ्यात मारलेली किक पावसातल्या सामन्यात येते आणि मागचे प्रेक्षक बदललेले दिसतात. चित्र आरशासारखं उलटं केलं की नवं काढायला नको, पण उजवा खेळाडू डावखुरा होतो. चित्रकथांच्या बाबतीत तर अमेरिकेत वर्षानुवर्षं हा उद्योग चालला. जपानी पानं उजवीकडून डावीकडे वाचतात म्हणून इंग्रजी वाचकांसाठी अख्खी पानं उलटी छापायची. त्या पानांवर बेसबॉलचा सामना असेल तर फलंदाज मारतो आणि तिसऱ्या बेसकडे पळत सुटतो! यात दोष ब्रश धरणाऱ्या हाताचा नाही. कमी पैशात, कमी दिवसांत, जास्त भाग मागणाऱ्या मालकाचा आहे.

आणि मालकाला चुका ठाऊक असतात, हे सगळ्यात संतापजनक आहे. टीव्हीवर घाईघाईत सोडलेले भाग पुढे डिस्कवर विकायला काढताना कित्येक स्टुडिओ चित्रं दुरुस्त करतात. चेहरे पुन्हा काढतात, हात जागेवर आणतात. म्हणजे जो हजारो येन मोजेल त्याला बरोबर सामना मिळणार, आणि जो घरी टीव्हीवर पाहील त्याच्या वाट्याला चुकीचा. अलीकडे ‘ब्लू लॉक’च्या २०२४ मधल्या दुसऱ्या हंगामात तर फुटबॉलपटू पळायचेच थांबले. स्थिर चित्र पडद्यावरून सरकवलं की झाला सामना! जपानी प्रेक्षकांनीच त्यावर टीकेची झोड उठवली, आणि बरं केलं. तिथला प्रेक्षक भांडतो म्हणून तिथे ‘हायक्यू’सारखी मालिकाही होते. तिचा २०१६ चा तिसरा हंगाम म्हणजे व्हॉलीबॉलचा एकच सामना, दहा भाग. त्यात कोण पुढच्या रांगेत आहे, कोण मागे, बचावाचा खेळाडू लिबेरो कुणाच्या जागी आत आला, हे मन लावून पाहणाऱ्याला कळत राहतं. रोटेशन ठाऊक असलेलं पोरगं ती मालिका पाहताना अंदाज बांधू शकतं की आता हल्ला कुठून येईल. ही खरी मजा. ती मेहनतीने येते.

आमच्या बुलढाण्यात आज ज्या खेळाची हवा आहे तो धनुर्विद्येचा. प्रथमेश जावकर हा इथला पोरगा. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेसोबत त्याने कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण घेतलं. त्याआधी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत विश्वचषकाच्या अंतिम लढतीत डेन्मार्कच्या मथियास फुलर्टनशी १४८-१४८ बरोबरी झाली. शूट-ऑफमध्ये दोघांनीही दहा मारले. ज्याचा बाण मध्याच्या जास्त जवळ तो जिंकला, आणि प्रथमेशला रौप्य मिळालं. दहा आणि दहा यांच्यातही फरक असतो, तो मोजतात आणि त्यावर जगाचं विजेतेपद ठरतं.

सरावाच्या मैदानावर जाऊन बघा. कंपाऊंड धनुष्याची पोरं ५० मीटरवरून ८० सेंटीमीटरच्या टार्गेटवर मारतात. त्यातलं दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटरचं. बाण मारून झाले की सगळी पोरं एकत्र चालत टार्गेटपाशी जातात. तिथे पहिला नियम शिकवलेला असतो : गुण लिहून होईपर्यंत कुणी बाणाला हात लावायचा नाही. टार्गेटच्या कागदालाही नाही. मोठ्या आकड्यापासून गुण पुकारायचे, ‘दहा, दहा, नऊ’. एखादा बाण नऊ आणि दहाच्या रेषेवर असला तर वाद घालायचा नाही, पंचाला बोलवायचं. तो भिंग लावून बघतो. बाण रेषेला नुसता शिवला असेल तरी वरचा गुण. लिहून झालं की भोकांवर खुणा करायच्या, मगच बाण उपटायचे. दहा वर्षांच्या पोरीला हे पाठ आहे. ती घरी येऊन मोबाइलवर मालिका लावते, तिथे भात्यात सहा बाण असलेला वीर नऊ बाण मारतो, आणि तिने विचारलं की आपण म्हणणार, सोड ना?

याच पोरांनी मला एकदा ‘त्सुरुने’ दाखवली. कोतोको अयानोंच्या कादंबरीवरून क्योटो ॲनिमेशनने २०१८ मध्ये काढलेली ही जपानी धनुर्विद्येची, क्यूदोची मालिका. पाहता पाहता एक पोरगी ओरडली, ‘सर, चुकलं! बाण उलट्या बाजूला हाये!’ तिचं निरीक्षण अचूक होतं. आमची पोरं उजव्या हाताने ओढतात तेव्हा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो. मालिकेत तो उजव्या अंगाला होता. पण तिथे चूक नव्हती. क्यूदोत दोरी बोटांनी ओढत नाहीत, अंगठ्याने ओढतात. हातमोज्यात अंगठ्याच्या मुळाशी खाच असते, तिच्यात दोरी अडकते. अंगठ्याने ओढलेली दोरी बाणाला डावीकडे, धनुष्याच्या अंगावर दाबते, म्हणून बाण उजवीकडेच बसायला हवा. काढणाऱ्यांनी ते पाहून, समजून काढलं होतं. मी सांगितल्यावर त्या पोरीने तो प्रसंग चार वेळा मागे नेऊन पाहिला, आणि स्वतःच्या हातात नसलेली दोरी अंगठ्याने ओढून बघितली. अचूक काढलेलं एक चित्र पोराला काय देतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

आणि मग माझ्या डोळ्यांसमोर आपला एकलव्य आला. गुरूने त्याच्याकडे उजव्या हाताचा अंगठा मागितला. का? ज्याची दोरी अंगठ्यावर चालते त्याचंच धनुष्य अंगठा गेल्यावर मुकं होतं. आपल्याकडे अंगठ्याने ओढायची परंपरा होतीच. शाहजहानची १६३१-३२ सालची जेडची अंगठ्यात घालायची कडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. भिल्ल तिरंदाज आजही अंगठा न लावता दोन बोटांनी दोरी ओढतात आणि त्याचं कारण एकलव्य सांगतात. मग आपल्या मालिकांमध्ये, कॅलेंडरांवर, शाळेच्या भिंतींवरच्या चित्रांमध्ये बघा. एकलव्य दोरी ओढतो तो बहुतेक वेळा बोटांनी. अंगठा बाजूला मोकळा. पुढच्या प्रसंगात तो अंगठा कापून देतो आणि सगळे हळहळतात. अरे, ज्या बोटाला काही कामच नव्हतं ते गेलं तर त्याचं काय गेलं? महाभारतातला एवढा मोठा अन्याय आपण चित्र काढायच्या आळशीपणात वाया घालवला. त्या पोराकडून काय हिसकावलं गेलं हेच दिसेनासं केलं. जपान्यांच्या मालिकेतले नंबर मोजणाऱ्यांनी आधी आपल्या भिंतीवरचं हे चित्र पुसून नव्याने काढावं.

खर्चाची सबब मला सांगू नका. अंगठा काढायला आणि बोट काढायला सारखीच शाई लागते. चेंडू मोजायला पैसे पडत नाहीत. लागतो तो खेळ जाणणारा एक माणूस, जो पटकथा लिहिताना शेजारी बसेल आणि ज्याचं ऐकलं जाईल. मुंबई-पुण्यात ॲनिमेशनचे स्टुडिओ आहेत, शिकवणाऱ्या संस्था आहेत, इथली पोरं परदेशी चित्रपटांसाठी एकेक केस हलवतात. त्यांच्या हातात कसब नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. खेळाबद्दल आदर असलेला मालक तेवढा दिसत नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंड धनुर्विद्येची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे. पदक आलं तर त्यावर मालिका निघेल, आणि लोक विषय शोधत आमच्याकडे येतील. त्यांनी आत्ताच लिहून घ्यावं. अंतर ५० मीटर. संघात एक पुरुष, एक स्त्री. चार फेऱ्या, दर फेरीला दोघांचे मिळून चार बाण, त्याला ८० सेकंद. एकूण १६ बाण, म्हणजे १६० च्या वर गुण जाऊच शकत नाहीत. कंपाऊंडची दोरी उघड्या बोटांनी ओढत नाहीत, हातात दोरी सोडायचा रिलीज असतो, तो प्रत्येक चित्रात त्याच हातात हवा. दोरीत नेम धरायचं छिद्र, पीप असतं, डोळा त्याच्यामागे असतो. रिकामं धनुष्य ताणून कुणी दोरी सोडत नाही, धनुष्य मोडतं. आणि टार्गेटपाशी गेल्यावर आधी गुण लिहायचे, मग बाण काढायचे.